थर्ड शिफ्टवाल्यानं ध्यान कधी करायचं?

पिंपरी-चिंचवडमध्ये ध्यानाचा विषय निघाला की फार वेळ जात नाही, कुणीतरी विचारतंच : "सगळं पटतं हो, पण आमची या आठवड्यात थर्ड शिफ्ट. सकाळी घरी येतो तेव्हा पोरं शाळेला निघालेली असतात आणि आमच्या डोळ्यांवर झोप. पुढच्या आठवड्यात फर्स्ट, म्हणजे पहाटे कंपनीच्या बसमध्ये. मग पहाटे उठून ध्यानाला बसा म्हणता, ते कुठल्या पहाटे?"

या प्रश्नाचं सरळ उत्तर क्वचितच मिळतं. ध्यानावरची पुष्कळ पुस्तकं निवांत घर, स्वतंत्र खोली आणि ठरलेली झोप गृहीत धरूनच लिहिलेली असतात. भोसरीच्या चाळीत किंवा चाकणमधल्या चौघांच्या भाड्याच्या खोलीत यांतलं काहीच नसतं. पण बुद्धाच्या उपदेशात थकलेल्या, पेंगणाऱ्या, हाताखाली माणसं असलेल्या आणि दुसऱ्याच्या हाताखाली राबणाऱ्या माणसासाठी पुष्कळ काही आहे. ते शोधताना एक गोष्ट लक्षात येते. श्वासावर बसणं, कामावरचं वागणं आणि चार माणसं एकत्र आणून काही चालवणं यांना बुद्धानं एकमेकांपासून तोडलेलं नाही. या प्रकरणात आधी या भागाचा थोडा इतिहास पाहू आणि मग त्याच क्रमानं जाऊ.

१. लोकलच्या मार्गावरचा इतिहास

पुणे-लोणावळा लोकलनं जाताना या भागाचा बौद्ध इतिहास स्टेशनांच्या ओळीनं भेटतो. दापोडीत त्रिरत्न बौद्ध महासंघाचा महाविहार आहे. मूळचे इंग्लंडचे धम्मचारी लोकमित्र १९७८ मध्ये पुण्यात राहायला आले आणि वस्त्यावस्त्यांत ध्यान आणि धम्मवर्ग सुरू झाले. त्यांचे गुरू संघरक्षित यांनी बाबासाहेबांची भेट घेतली होती. बाबासाहेबांच्या निधनाची बातमी आली तेव्हा ते नागपुरात होते आणि हादरलेल्या नवदीक्षितांसमोर सभांमागून सभा घेत राहिले.

पुढे देहूरोड. इथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा पावणेदोन वर्षं अवकाश होता. याच १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची कंपनी स्थापन झाली, आणि साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज आले. कारखाना आणि बुद्धविहार या पट्ट्यात असे बरोबरीनं वाढले. म्हणूनच इथल्या विहारांत वंदनेला बसणारा माणूस अनेकदा पाळी संपवून आलेला असतो.

देहूरोड मागं पडलं की घोरवडेश्वराचा डोंगर दिसतो. त्याच्या पोटात बौद्ध लेणी आहेत, शेलारवाडीची म्हणून ओळखली जाणारी. तिथल्या एका शिलालेखात धेनुकाकटच्या एका शेतकरी कुटुंबातल्या बाईनं, आपला मुलगा नंद याच्यासह, लेणं दान दिल्याची नोंद आहे. आणखी पुढे मळवली स्टेशन, एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. कार्ल्याच्या भव्य चैत्यगृहाचं एक दार सामी नावाच्या सुतारानं करवलं, तो वेणुवासाचा मुलगा होता, हेही तिथेच कोरलेलं आहे. राजे आणि श्रेष्ठी यांच्या नावांशेजारी सुताराचं नाव! ध्यानाच्या जागा उभारण्यात हातानं काम करणाऱ्यांचा वाटा इथे जवळजवळ दोन हजार वर्षांपासून आहे. शांत बसून मनाकडे बघणं हे सुखवस्तू लोकांचं काम, ही समजूत निदान मावळात तरी टिकत नाही.

याच भागातल्या डोंगरांवर पुढे तुकोबा एकांताला जात, ही देहूची परंपरा. भंडारा, घोरवडेश्वर आणि चाकणजवळचा भामचंद्र ही नावं वारकऱ्यांच्या तोंडी असतात. भामचंद्राच्या पायथ्याच्या परिसरात आज कारखान्यांच्या शेड आहेत.

२. श्वास : नोंद घ्यायची, बदल करायचा नाही

पहिली पायरी आनापानसती, म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाची जाणीव ठेवणं. मराठीत हा विषय नीट आणणारे पहिले मोठे अभ्यासक धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचे, पाली शिकायला श्रीलंकेपर्यंत गेलेले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवणारे. ध्यानाच्या पद्धती सांगणारं 'समाधिमार्ग' हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं.

कृती सोपी आहे. खुर्चीवर, पलंगाच्या कडेला किंवा जमिनीवर, पाठ ताठ पण ताणलेली नाही, असं बसा. श्वास नाकाशी येतो-जातो तिथे लक्ष ठेवा. तो लांब असेल तर लांब आहे हे कळू द्या, आखूड असेल तर आखूड आहे हे कळू द्या. प्राणायामात श्वास रोखला जातो, मोजून सोडला जातो. इथे तसं काही करायचं नाही. व्हर्निअर जसा जॉबचं माप घेतो पण जॉबला घासत नाही, तसं हे लक्ष असावं.

मन पळणार. लाईनवर झालेली बाचाबाची आठवेल, हप्ता आठवेल. पळालं हे ज्या क्षणी कळलं, तो क्षण ध्यानाचाच आहे. स्वतःवर न चिडता परत श्वासावर या. वीस वेळा पळालं आणि वीस वेळा परत आणलं, तर बैठक वाया गेली असं समजू नका. परत आणणं हाच इथला व्यायाम आहे.

पद्धतींत फरक आहेत, त्यानं गोंधळून जाऊ नये. त्रिरत्नच्या वर्गात सुरुवातीला श्वास एक ते दहा असे मोजायला शिकवतात, मग मोजणं सुटतं. आळंदीजवळ मरकळला सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेचं विपश्यना केंद्र आहे, तिथे मोजणी नाही, शब्द नाही, नुसता श्वास. तिथलं शिबिर दहा दिवसांचं असतं. मौन पाळायचं, पहाटे चारला उठायचं, पहिले तीन दिवस फक्त आनापान आणि मग शरीरातल्या संवेदनांचं निरीक्षण. राहण्याजेवणाची फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालतं. कंत्राटी कामगाराला सलग इतके दिवस सुट्टी मिळणं किती अवघड आहे, हे मला माहीत आहे. म्हणून शिबिर झाल्याशिवाय सुरुवात नाही, असं मनात धरू नये. सुरुवात घरी दहा मिनिटांनी होते.

३. झोप आली तर?

आता मूळ प्रश्न. बुद्धाच्या दोन प्रमुख शिष्यांपैकी एक मोग्गल्लान. ते ध्यानाला बसले होते आणि पेंगत होते. बुद्धानं त्यांना झाडलं नाही, आळशी म्हटलं नाही. अंगुत्तर निकायातल्या एका सुत्तात त्यानं त्यांना एकामागून एक उपाय सांगितले आहेत.

ज्या विचारात असताना पेंग आली, तो विचार सोडून दे. नाही गेली, तर ऐकलेला उपदेश मनात घोळव. तरी नाही, तर तो मोठ्यानं म्हण. मग कान ओढ, हातपाय चोळ. मग उठ, डोळ्यांना पाणी लाव, चारी दिशांकडे आणि आकाशातल्या ताऱ्यांकडे बघ. मग मनात उजेडाची कल्पना कर, रात्र असली तरी दिवस आहे असं मनात आण. मग येरझाऱ्या घाल.

आणि एवढं करूनही झोप गेली नाही तर? तर उजव्या कुशीवर आडवा हो, कधी उठायचं ते मनाशी ठरव आणि झोप. जाग आली की लगेच उठ.

मला हा उपदेश फार मोलाचा वाटतो. मोग्गल्लानांसारख्या साधकालासुद्धा शेवटी झोप असं सांगितलं गेलं. शरीर थकलंय ही गोष्ट बुद्धानं मनाचा दोष ठरवली नाही. रात्रभर उभं राहून आलेल्या माणसानं सकाळी आठ वाजता डोळे ताणून बसू नये. त्याला ध्यान म्हणत नाहीत, त्यानं फक्त पित्त वाढतं.

मग बसायचं कधी? सोपा हिशोब असा : घड्याळातली वेळ ठरवू नका, झोपेतून उठणं आणि बैठक यांची जोडी लावा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पहाट सोडून द्या. दुपारी घरी येऊन जेवल्यावर थोडी झोप होते, ती झाली की तोंड धुऊन दहा मिनिटं. सेकंडच्या आठवड्यात सकाळी उठल्यावर, पहिल्या चहाआधी. थर्डच्या आठवड्यात सकाळी घरी आल्यावर सरळ झोपा आणि दुपारी उठल्यावर बसा. शिफ्ट बदलते त्या दिवशी शरीर सगळ्यात बिथरलेलं असतं, त्या दिवशी बसण्याऐवजी येरझाऱ्या पुरेत. भोसरी-पिंपरीतल्या अनेक लहान कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, तेव्हा जरा जास्त वेळ देता येतो.

घरच्यांना मात्र सांगून ठेवा. दहा मिनिटं शेजारच्या खोलीतला टीव्ही चालू राहिला तरी चालतो. आवाज आला की आवाज आला एवढंच कळू द्यायचं. बायकोचीही बाहेर नोकरी असेल, तर तिच्या दहा मिनिटांत पोरांकडे आपण बघायचं. हे ठरवून केलं नाही तर घरात एकाचं ध्यान आणि दुसरीची कटकट एवढंच होतं.

४. मशीनसमोर

सतिपट्ठान सुत्तात सजगतेची यादी आहे, ती वाचली की नवल वाटतं. पुढे जाताना, मागे येताना, वाकताना, हात लांब करताना, खाताना, पिताना, शौचाला जाताना, चालताना, उभं असताना, बोलताना, गप्प असताना. डोळे मिटून बसणं हा या यादीतला छोटा भाग आहे. उरलेला सगळा दिवस उघड्या डोळ्यांचा आहे.

इथे एक गैरसमज काढायला हवा. मशीनवर असताना श्वासाकडे लक्ष द्यायचं नाही. प्रेसवर, फोर्कलिफ्टवर, वेल्डिंगला असताना लक्ष हातातल्या कामावर, सगळंच्या सगळं. हात कुठे आहे, पाय पॅडलवर आहे का, शेजारचा माणूस कुठे उभा आहे. तीच त्या वेळची सती, म्हणजे सजगता. श्वासाचा सराव उपयोगी पडतो तो असा : मन भरकटलं हे लवकर कळतं. हजारावा पीस टाकताना हात चालू असतो आणि मन गावाला गेलेलं असतं. ते गेलंय हे दोन मिनिटांऐवजी दोन सेकंदांत कळलं, तर फरक मोठा असतो.

सराव कुठे करायचा? दोन कामांच्या मधे. बसमध्ये बसल्यावर, पंचिंगच्या रांगेत, टी-ब्रेकमध्ये मोबाईल काढण्याआधी तीन श्वास.

५. मालकाची बाजू

हे सांगून थांबलो तर तो अन्याय होईल. पॉवर प्रेसवर बोटं जाण्याचे अपघात या पट्ट्याला नवे नाहीत. सेन्सर नसलेल्या मशीनवर दोन पाळ्या सलग केलेल्या माणसाला सजग राहा म्हणून सांगणं हा बौद्ध उपदेश नाही. कामगारांना मनःशांतीचं व्याख्यान द्यायचं आणि गार्ड बसवायचा खर्च पुढे ढकलायचा, याला बुद्धाच्या वचनांत कुठेही आधार मिळणार नाही.

आधार उलट बाजूनं आहे. राजगृहात सिगाल नावाचा एका गृहस्थाचा मुलगा सकाळी ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करत होता. वडील सांगून गेले म्हणून. बुद्धानं त्याला सहा दिशांचा वेगळा अर्थ सांगितला : आईवडील, गुरू, पत्नी-मुलं, मित्र, नोकर-कामगार आणि श्रमण. प्रत्येक दिशेशी कर्तव्यं दोन्ही बाजूंनी. मालकाची पाच आहेत. माणसाच्या ताकदीप्रमाणे काम द्यावं. जेवण आणि मजुरी द्यावी. आजारात काळजी घ्यावी. खास काही मिळालं तर त्यात वाटा द्यावा. आणि वेळेवर सुट्टी द्यावी. कामगाराचीही पाच : मालकाच्या आधी उठावं, त्याच्यानंतर विसावावं, दिलेलंच घ्यावं, काम चोख करावं, त्याचं नाव चांगलं राखावं.

शेवटच्या पाचातली पहिली दोन आजच्या कायद्यातल्या कामाच्या ठरावीक तासांशी जुळत नाहीत, आणि जुळवू नयेत. पण पहिल्या यादीतलं ताकदीप्रमाणे काम, आजारपण आणि सुट्टी आज चाकणच्या कुठल्याही युनियनच्या मागणीपत्रात सापडेल. शॉपफ्लोअरवर पाच माणसं ज्याच्या हाताखाली आहेत, त्या सुपरवायझरलाही ही यादी लागू आहे. त्यांच्यापुरता तोच मालक.

६. रागाचं काय करायचं?

आंबेडकरी कार्यकर्ते एक प्रश्न कळकळीनं विचारतात : डोळे मिटून बसल्यानं अन्याय जातो का? नाही जात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना भर माणसामाणसांतल्या वागणुकीवर दिला, आणि तो तिथेच असायला हवा. पण अन्यायाशी झगडणाऱ्या माणसाच्या आत राग साठतो आणि तो बहुतेकदा चुकीच्या ठिकाणी, घरी, जवळच्यांवर निघतो. मेत्ताभावना ही त्यासाठीची साधना आहे.

पाच टप्पे. आधी स्वतःचं भलं चिंतायचं. मग जवळच्या मित्राचं. मग जो ना मित्र ना शत्रू अशा कुणाचं, उदाहरणार्थ रोज गेटवर दिसणारा सिक्युरिटी गार्ड. मग ज्याच्याशी पटत नाही त्याचं. शेवटी या चौघांचं सारखंच, आणि तिथून सगळ्यांचं. चौथा टप्पा अवघड आहे. त्या माणसानं केलेलं योग्य होतं, असं मानायला कुणी सांगत नाही. त्याची तक्रार करायची असेल तर करायचीच. फक्त तक्रार लिहिताना हात थरथरू नये, एवढी जागा मनात तयार होते. थर्ड शिफ्टहून आल्यावर आडवं पडून ही साधना पाच मिनिटं केली तरी चालते, मधेच झोप लागली तरी बिघडत नाही.

७. मंडळ कसं चालवायचं?

वस्तीत विहार असतो, जयंती उत्सवाची समिती असते, बचत गट असतो, सोसायटी असते. तिथे पुढाकार घेणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हत्थकाची गोष्ट सांगतो. आळवीचा हत्थक हा गृहस्थ उपासक, पाचशे माणसं त्याच्याबरोबर असत. बुद्धानं विचारलं, एवढी माणसं तू कशी सांभाळतोस? त्यानं सांगितलं : ज्याला देऊन जोडता येतं त्याला देतो, ज्याला गोड बोलून त्याच्याशी तसा बोलतो, ज्याला मदत करून त्याच्या उपयोगी पडतो, आणि ज्याला बरोबरीनं वागवून जोडता येतं त्याला बरोबरीनं वागवतो. हे चार मार्ग त्याला बुद्धानंच शिकवले होते. पण त्यानं पुढे आणखी एक कबुली दिली : माझ्या घरी पैसा आहे, म्हणून लोक माझं ऐकतात, गरिबाचं असं कुणी ऐकलं नसतं. आपल्या शब्दाला मिळणारा मान आपल्या गुणाचा किती आणि खिशाचा किती, हे ज्याला दिसतं तो पुढारी भरवशाचा. वर्गणीत सर्वांत मोठी पावती फाडणाऱ्यालाच अध्यक्ष करणाऱ्या समित्यांनी याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट वज्जींची. मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींचं गणराज्य जिंकायचं होतं. त्यानं वस्सकार नावाच्या मंत्र्याला बुद्धाकडे पाठवलं. बुद्धानं त्याला सरळ उत्तर दिलं नाही, मागे उभ्या असलेल्या आनंदाला प्रश्न विचारले. वज्जी वारंवार सभा घेतात का? एकत्र बसतात, एकत्र उठतात का? ठरलेले नियम पाळतात का? वडीलधाऱ्यांना मान देतात का? बायकांवर जबरदस्ती तर करत नाहीत ना? असे सात. हे चालू आहे तोवर वज्जींची भरभराटच होईल, असं त्यानं सांगितलं. मंत्री गेल्यावर बुद्धानं भिक्खूंना बोलावून संघासाठी असेच नियम दिले. त्यांतही पहिला वारंवार एकत्र जमण्याचा. फक्त एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी दोन बैठका घेणारं मंडळ या पहिल्याच प्रश्नावर अडतं.

संघाची बैठक कशी चाले, याचेही नियम होते : ठराव आधी मांडायचा, मग विचारायचं, मतभेद असेल तर शलाका, म्हणजे मतासाठीच्या काड्या, वाटून मतं घ्यायची. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी याच नियमांचा दाखला दिला : भारताला संसदीय कामकाज नवं नाही, भिक्खुसंघ ते पाळत होता. त्याच भाषणात राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दल त्यांनी कडक इशारा दिला. बुद्धानंही जाताना आपल्या गादीवर कुणाला बसवलं नाही. आपल्यानंतर धम्म आणि विनय हेच गुरू, असं आनंदाला सांगितलं.

तिसरी गोष्ट पवारणेची, आणि आपल्या वस्त्यांत तिची सोय आयती आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, विहारात रोज 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांना विनंती करीत : माझं काही चुकलेलं पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर सांगा. संयुत्त निकायात नोंद आहे की एका पवारणेला बुद्धानं स्वतः संघाला विचारलं, माझ्या वागण्या-बोलण्यात तुम्हाला काही खटकलं का? सुरुवात त्यानं केली, मग इतरांनी.

समितीत हे करायचं तर असं करता येईल. वाचन समाप्तीच्या आठवड्यात एक बैठक ठेवा. अजेंड्यावर दुसरं काही नको. अध्यक्षानं पहिल्यांदा उभं राहून विचारावं. मग खजिनदारानं, मग वाचन करणाऱ्यानं, मग महिला मंडळाच्या प्रमुखांनी. उत्तर देताना मधे कुणी बोलू नये, खुलासा दुसऱ्या दिवशी द्यावा. पहिल्या वर्षी बहुतेक लोक गप्प बसतील. त्यांना चूक दिसली नव्हती असा त्याचा अर्थ घेऊ नका, सवय नाही एवढंच. एखादा तरुण धीर करून बोलला की पुढच्या वर्षी तिघं बोलतात.

चूक दाखवणाऱ्यासाठीही पाच अटी सांगितलेल्या आहेत. योग्य वेळी बोलेन, खरं तेच बोलेन, सौम्य बोलेन, समोरच्याच्या हिताचं बोलेन आणि मनात मैत्री ठेवून बोलेन. वर्गणीच्या हिशोबावरून रात्री बारा वाजता मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर सुरू होणारा वाद पहिल्याच अटीवर थांबवता येतो. तो गुरुवारी संध्याकाळच्या बैठकीसाठी ठेवावा, पावत्यांची वही सगळ्यांना दिसेल अशी मधे उघडून, आणि थर्ड शिफ्टवाले झोप झाल्यावर येऊ शकतील अशा वेळी.